बाबली गावसांचं उपाशी शेत

ही हकिगत मी आजवर टाळत आलो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात सांगावी असं मनात आलं होतं. पण तिथे एकामागून एक वक्ते माझ्या सचोटीबद्दल इतकं बोलले, की त्यांचा हिरमोड करणं मला प्रशस्त वाटलं नाही. पुढे बायकोला सांगायला बसलो, तर ती म्हणाली, आधी गोळी घ्या. गोळी घेतली आणि पावसापाण्यावर बोलून उठलो. आता माझं वय असं झालं आहे की खोटं बोलून मिळवण्यासारखं काही उरलेलं नाही. माणसं म्हातारपणी खरं बोलू लागतात ती बहुधा याच कारणाने.

बाबली गावस आमच्या बियाणे केंद्रात फील्डमन होते. केंद्र गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, धारगळहून बरंच आत. खात्याचं नाव लिहीत नाही; त्या काळची मंडळी अजून पेन्शन खात आहेत आणि ती मिळेपर्यंत त्यांनी काही केलं नाही, एवढीच त्यांची चूक आहे. मी डिचोलीचा, बाहेरच्या राज्यातून शेतीची पदवी घेऊन आलेला, केंद्राचा प्रमुख. बाबली इब्रामपूरचे, चौथी शिकलेले, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. आज मी त्यांना 'ते' म्हणतोय, पण तेव्हा 'ए गावस' अशी हाक मारायचो. ते मला 'सायबा' म्हणायचे. पदवीचा एवढा उपयोग मला रोजच्या रोज होत असे.

बुटके, काटक, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी रंगाऱ्याचा बारीक ब्रश. त्या ब्रशाने ते मुळं धुवायचे. कुठलंही झाड दिसलं की त्याचं नाव, फूल, पान यांत त्यांना रस नसायचा. ते खाली बसायचे, बोटांनी माती मोकळी करायचे आणि झाड अलगद उपटून उलटं धरायचे. बघून झालं की पुन्हा होतं तिथे लावायचे. मी एकदा वैतागून विचारलं, की वरचं पीक सोडून खाली काय शोधतोस? तर म्हणाले, "सायबा, वर बघून काय कळता? वर सगळेच शाणे दिसतत."

हे त्यांनी झाडांबद्दलच म्हटलं होतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे.

एकदा माझ्या घरी सत्यनारायण होता. मी उदार मनाने सगळ्या स्टाफला बोलावलं होतं. प्रसाद वाटायची वेळ झाली तरी बाबली दिसेनात. बायको मागल्या दारी गेली तर हे गृहस्थ बालदीजवळ बसलेले आणि तिचा लाडका गुलाब हातात उलटा. ती किंचाळायचीच बाकी होती. बाबली शांतपणे म्हणाले, "वयनी, ह्येका खत जास्त घातलास. मुळां आळशी झाली." गुलाब पुन्हा लावला, हात धुतले, प्रसाद घेतला. पुढच्या दोन महिन्यांत त्या झाडाला कधी नव्हती तितकी फुलं आली. बायकोने त्यांना त्याबद्दल कधीच क्षमा केली नाही.

उपटलेली मुळं धुऊन ते वर्तमानपत्रावर पसरून वाळवायचे आणि घडीत ठेवून द्यायचे. ती वर्षं भाषेच्या वादाची होती. कोकणी की मराठी यावरून घराघरांत दोन चुली व्हायची वेळ आली होती. आमच्या केंद्रात नऊ माणसं आणि अकरा मतं होती. मी स्वतः वरिष्ठ कोण बसले आहेत ते बघून मत देत असे. बाबली दोन्ही बाजूंचे पेपर गोळा करायचे, त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्याकडे संशयाने बघत. एकदा हेडक्लार्कने त्यांना दरडावूनच विचारलं, "गावस, तू नेमको खंयच्या बाजूचो?"

"पेपर सुको होयो," बाबली म्हणाले. "भास खंयची ती तुमी बगा."

मग त्यांनी सांगितलं की एका पेपरची शाई ओल्या मुळाला लागते आणि दुसऱ्याची लागत नाही. कुठल्या ते सांगितलं नाही. एवढी सावधगिरी त्यांनी पुढे माझ्या बाबतीत बाळगली असती तर बरं झालं असतं.

आता त्यांच्या वेडाबद्दल. आमच्या लाल मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, नसतो असं नाही. असतो, पण मातीतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम तो असा आवळून धरतात की पिकाच्या हाती काही लागत नाही. सरकारी योजनांसारखंच, म्हणजे कागदावर सगळं असतं. यावर माझ्या पदवीकडे एकच उत्तर होतं, सुपर फॉस्फेटची गोण. पण बाबलींच्या घरी मोरडावर, म्हणजे डोंगरउतारावरच्या कोरड्या जमिनीत, पिढ्यान्‌पिढ्या एक भात पिकत होतं, ज्याने गोण कधी पाहिलीच नव्हती. त्या भाताला नावही नव्हतं. 'घरचां' म्हणायचे. खात्याच्या तक्त्यात वाणाच्या नावाचा रकाना असतो आणि त्यात 'घरचं' लिहिता येत नाही, म्हणून आमच्या दृष्टीने ते भात अस्तित्वातच नव्हतं.

केंद्राच्या मागच्या बाजूला, दगडी बांधापलीकडे एक तुकडा होता. नकाशात तो राहून गेला होता, त्यामुळे त्याला खत मंजूर होत नसे. बाबलींनी तो मागून घेतला. मी दिला, कारण नसलेली वस्तू द्यायला माझी कधीच हरकत नसते. त्या तुकड्यात त्यांनी वर्षानुवर्षं मूठभरही खत पडू दिलं नाही. केंद्रातली माणसं त्याला 'उपाशी शेत' म्हणत.

त्यांची तपासणीची रीत एकच होती. भात वीस-पंचवीस दिवसांचं झालं की पुढे केव्हाही रोप उपटायचं आणि तीन झटके द्यायचे. ना जास्त, ना कमी. मग मुळाला किती माती चिकटून राहिली ते बघायचं. आमच्या सुधारित वाणाची मुळं तीन झटक्यांत धुतल्यासारखी स्वच्छ व्हायची. 'घरच्या'ची मुळं मांजराच्या शेपटीसारखी मातीने फुललेली राहायची. ब्रशाने ती माती सोडवली की आत लव दिसायची, दाट आणि लांब. त्या लवेनेच ते रोप मातीचा कण न् कण धरून त्यातला स्फुरद ओढत होतं. पण तेच 'घरचं' खत घातलेल्या शेतात पेरलं की मुळं स्वच्छ निघायची. लव आखूड.

"ह्या त्याच्या बियांतच आसा, सायबा," ते मला सांगायचे. "पण पोटभर मिळालां तर तां दाखयत नाय. उपाशी ठेवलां की दाखयता."

ही गोष्ट आज मोठमोठ्या प्रयोगशाळा सांगतात: वनस्पतीच्या जनुकांत अशा काही कळा असतात की स्फुरद कमी पडल्याशिवाय त्या दाबल्याच जात नाहीत. मी तेव्हा घड्याळाकडे बघितलं होतं.

पुढे एका प्रशिक्षणात ते भाताचा संकर करायला शिकून आले. आपल्या बायकोची कातरी आणि एक चिमटा घेऊन त्यांनी 'घरचं' आणि आमचं सुधारित वाण यांचा संकर केला. भाताचं फूल सकाळी थोडाच वेळ उघडतं, आणि नेमकी तीच आमच्याकडे हजेरीपटावर सही करायची वेळ. फुलोऱ्याच्या दिवसांत बाबलींच्या नावापुढे ओळीने लाल खुणा आहेत. त्या माझ्या हातच्या आहेत आणि अतिशय व्यवस्थित काढलेल्या आहेत.

संकराच्या दुसऱ्या पिढीत काही रोपं माती धरायची, काही सोडायची. एक दिवस ते कागद घेऊन माझ्या मेजापाशी आले. म्हणाले, चारांतली साधारण तीन धरतात, एक सोडतं, असं का? हे प्रमाण मी कॉलेजात वाटाण्याच्या उदाहरणासकट पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तेच घेऊन जेव्हा चड्डीतला माणूस समोर उभा राहिला, तेव्हा मला ओळखू आलं नाही. एक-दोन हंगामांत असं काही सिद्ध होत नाही, आणखी पिढ्या बघायला हव्यात, हे खरं उत्तर होतं आणि तेही मी दिलं नाही. मी म्हटलं, "गावस, हिशेब क्लार्क बघतात."

त्यांनी त्यानंतर मला विचारायचं सोडून आणखी पिढ्या पेरल्या. या कामात त्यांच्या मदतीला एकच माणूस, झिलू. तो सिंधुदुर्गातून आलेला रोजंदारीवरचा गडी. बाबलींनीच त्याला लावून घेतला होता. दोघं दुपारी बांधावर एका डब्यातली पेज खायचे आणि एकमेकांच्या गावाला नावं ठेवायचे. "तुमच्या गावात भात नाय म्हणान तू हंय इलस," बाबली म्हणायचे. झिलू म्हणायचा, "आणि हंय येवन काय? उपाशी शेत." मग दोघंही हसायचे. मी खिडकीतून पाहत असे. मला वाटायचं, काम कमी आहे यांना.

शेवटी बाबलींच्या आग्रहाने मी बाहेरच्या एका शास्त्रज्ञांना पत्र घातलं. त्यांचा विषय हाच होता. उत्तर आलं की भाद्रपद संपता संपता येतो, मुळं स्वतः बघतो आणि ठीक वाटलं तर बियाणं पुढच्या चाचण्यांना नेतो. बाबलींनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. त्या वर्षी त्यांनी संकराची चांगली निवडलेली रोपं, 'घरचं' आणि सुधारित वाण अशा रांगा मुद्दाम मापून लावल्या. फुलांच्या हारासारखं ते शेत जपलं त्यांनी. मधल्या काळात त्यांच्या भावांनी घरच्या मोरडावर काजू लावले होते, त्यामुळे ते भात आता जगात फक्त आमच्याच केंद्रात होतं. बाबलींचा घरापेक्षा सरकारवर जास्त विश्वास होता. एरवी मोठे हुशार होते.

आणि मग नव्या राज्याचे मंत्री आमच्या केंद्राला भेट देणार असं ठरलं. गोवा घटक राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मंत्री मिळेल त्या गोष्टीला भेट देत होते. तारीख चवथीच्या आठवड्यातच होती. बाबलींचा गणपती अकरा दिवसांचा. ते रजेवर इब्रामपूरला गेले. मी केंद्रावरून एक फेरी मारली. सगळीकडे हिरवंगार आणि बांधापलीकडे ते उपाशी शेत, खुरटं, ठिगळ लावल्यासारखं. वाटलं, मंत्र्यांची नजर नेमकी तिथेच जाणार. मी झिलूला हाक मारली आणि त्या तुकड्यात युरिया आणि सुपर फॉस्फेट दोन्ही टाकायला सांगितलं.

तो घुटमळला. "सायबानू, बाबलीक इचारूक होया."

"केंद्राचा प्रमुख बाबली आहे की मी?"

त्याने टाकलं. मी उभा राहून टाकून घेतलं. कामात हयगय मला चालत नसे.

मंत्री आले. शहाळं प्याले. फाटकावरची पाटी कोकणीत असावी की मराठीत यावर सोबतच्या लोकांत चर्चा जुंपली, ती त्यांनी गाडीला टेकून ऐकली आणि दोन्ही बाजू बरोबर आहेत असं सांगून ते निघून गेले. शेतात कोणी पाऊलही टाकलं नाही.

रजा संपवून बाबली आले, नेहमीसारखे आधी मागच्या बांधाकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर खताचे करडे दाणे होते.

"कोणी घातला ह्या?"

माझं तोंड माझ्या आधी बोललं. "झिलूने चुकून टाकलं असेल. मी जरा गडबडीत होतो."

त्यांनी ते दाणे माझ्या मेजावर ठेवले. मग म्हणाले, "तेंका पत्र घाला, सायबा. ह्या वर्सा येव नका म्हणान कळवा. फुडे दुसरो तुकडो धरूया. दोन-तीन वर्सां लागतली, पण होतलां."

साधं पत्र होतं. पण येऊ नका म्हटलं की का ते लिहावं लागतं, आणि 'का'च्या खाली माझी सही असणार होती. मी पत्र घातलं नाही. घातलं असं मात्र सांगितलं.

त्यामुळे ठरल्या दिवशी शास्त्रज्ञ आले, तेव्हा बाबलींना आश्चर्य वाटलं आणि मला नाही. शास्त्रज्ञ भला माणूस होता. पँट वर करून चिखलात उतरला. 'घरच्या'चं एक रोप त्याने उपटलं आणि बाबलींनी दाखवल्याप्रमाणे तीन झटके दिले. माती गळून पडली. जुन्या मुळांवर थोडी होती, नव्या मुळांवर काही नाही. त्याने आणखी सात-आठ रोपं उपटली. सगळ्या रांगा सारख्याच. मग त्याने माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, की या जमिनीला खत खरंच कधीच दिलेलं नाही?

मी म्हटलं, "कधीच नाही."

एवढं इंग्रजी बाबलींना समजत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. फील्डमनने सायबाला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं नसतं, हा आमच्याकडचा नियम कुठेही लिहिलेला नाही आणि तो कोणीही मोडत नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि शास्त्रज्ञाला हात पुसायला दिला.

अहवालात मी लिहिलं की स्थानिक वाणाबाबतचा दावा सिद्ध होत नाही. भाषा सुबक होती. वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं. पुढच्या वर्षी गोदाम रिकामं करायचा हुकूम आला, तेव्हा 'घरचं' आणि त्याच्या संकरांचे डबे 'निरुपयोगी' या सदराखाली गेले. सही माझीच. बाबली तेव्हा आजारी रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी रिकामं फडताळ पाहिलं आणि मुळं वाळवायचे पेपर घडी करून रद्दीत देऊन टाकले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते हजेरीपटावर रोज वेळेवर सही करीत.

पंचवीसेक वर्षं गेली. माझी पुतणी वनस्पतींच्या जनुकांवर काम करते. एका सुट्टीत ती मोठ्या उत्साहाने सांगत होती, की पूर्वेकडच्या एका जुन्या भातात असा जनुक सापडला आहे जो निकस जमिनीत रोपाची मुळं लहानपणीच जोमाने वाढवतो. आणि कितीतरी आधुनिक वाणांत तो नाहीच, कारण ती वाणं निवडली गेली खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतांत. मग म्हणाली, "काका, आपल्या मोरडावरच्या भातातही असं काही असेल का हो? तोच असेल, नाहीतर दुसरा एखादा. बियाणं मिळेल कुठे?"

मी म्हटलं, बघतो. बाबलींच्या भातात तो जनुक होता की वेगळाच काही, की ते नुसतंच एक चांगलं भात होतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. तेवढी व्यवस्था मी केलेली आहे.

इब्रामपूरला गेलो. जाताना गाडीत वाक्य तयार केलं. मोठं नव्हतं. बाबली दारापुढच्या सोप्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, बसले होते, खूप बारीक झालेले. पण मला ओळखलं. "सायबा, इलास? बसा." सुनेने काचेच्या कोपात चहा आणला, बरोबर उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव. मी बियाण्याचं विचारलं.

"घराकडे खंयचां? सगळां तुमच्याकडे ठेवलेलां मां."

मी वाक्याला सुरुवात करणार, एवढ्यात तेच बोलू लागले.

"एक सांगूचां ऱ्हवलां, सायबा. तेवां तुमी त्या पाव्हण्याफुडे खोटां बोललास. माका लय राग इलो. मगे एक दीस उजेड पडलो. खत पडलां म्हणान तुमी सांगितलां असतास, तर झिलूची रोजी गेली असती. गरिबाक राखलास तुमी. माका तां जमूक नाय. मी तेच्याकडे बोलणां सोडलंय."

"झिलू कुठे असतो आता?" मी विचारलं.

"गेलो. पाच वर्सां झाली. मरेसर सांगत होतो, सायबान सांगल्यान म्हणान टाकलंय. ह्या दारात येवन रडलो एकदा. मी म्हटलंय, आपली चूक झाकूक सायबाचां नाव घेतं? उठ." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "चूक झाली म्हणान काय झालां? मी तेका माफ करूक होया होतां. तुमी केलास."

चहा गार होत होता. मी तो संपवला. त्यांनी विचारलं, "तुमी कायतरी सांगीत होतास?"

मी म्हटलं, "काही नाही. प्रकृतीला जपा."

ते पायरीपर्यंत मला पोचवायला आले. मी गाडीत बसून मागे पाहिलं, तर ते काठीच्या आधाराने उभे होते आणि एक हात वर केलेला होता, थोर माणसाला निरोप द्यावा तसा. त्या पावसाळ्यात ते गेले. मला उशिरा कळलं.

वाक्य अजून माझ्यापाशी आहे. गावस, झिलू खरं सांगत होता. खत मी टाकायला लावलं आणि मी उभा होतो.